अमरांच्या जगातली हत्या

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या वाचकांमध्ये एक युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो आणि तो मला दरवेळी अस्वस्थ करतो. टॉल्किनच्या कथांमधली एल्फ ही माणसासारखी दिसणारी जमात अमर आहे. शस्त्राने देह पडला तरी त्यांचा आत्मा मांडोसच्या, म्हणजे मृतांच्या रक्षक देवतेच्या, दालनांत जातो आणि कालांतराने त्याला पुन्हा देह मिळू शकतो. तेव्हा एका एल्फने दुसऱ्याला मारणे हे माणसाच्या खुनाइतके गंभीर मानण्याचे कारण नाही, असे ही मंडळी म्हणतात. मला हे मुळातच मान्य नाही. टॉल्किनच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेले ‘द सिल्मरिलियन’ लक्षपूर्वक वाचले, तर नेमका उलटा निष्कर्ष निघतो.

टेलेरी या समुद्रकाठच्या एल्फ जमातीच्या आल्क्वालोंडे बंदरात काय घडले ते पाहा. मॉर्गॉथ या दुष्ट शक्तीने वडिलांना ठार करून आपण घडवलेली सिल्मरिल रत्ने पळवली, म्हणून नोल्डोर या दुसऱ्या एल्फ जमातीचा फेआनोर सूडाला पेटला आहे आणि समुद्र ओलांडण्यासाठी त्याला टेलेरींची जहाजे हवी आहेत. टेलेरींचा राजा ओल्वे नकार देतो. ही जहाजे आमच्या अंतःकरणातून घडली आहेत, अशी पुन्हा आमच्या हातून होणार नाहीत, असे तो सांगतो. थोड्याच वेळापूर्वी सिल्मरिल मागितली गेली, तेव्हा फेआनोरनेही हेच कारण पुढे केले होते. म्हणजे समोरच्याचे दुःख समजायला या क्षणी त्याच्याइतका लायक दुसरा कोणी नाही. तरीही तो जहाजे बळाने घ्यायला जातो, आणि हलक्या धनुष्यांनिशी प्रतिकार करणारे खलाशी कापले जातात.

माणसांच्या वैराला निदान काळाचा आधार असतो. मारणारा जातो, मेलेल्याचे आप्त जातात, आणि नातवंडांच्या वाट्याला ऐकीव गोष्ट उरते, त्यामुळे समेट शक्य होतो. एल्फांना ही सवलत नाही, कारण त्यांच्यात पिढी सरतच नाही. ओल्वेचा भाऊ थिंगॉल याला पुष्कळ वर्षांनी आपल्याच भावाच्या नातवाकडून हे हत्याकांड कळते, तेव्हा तो मारेकऱ्यांच्या जमातीची, नोल्डोरांची, भाषा आपल्या राज्यात बोलायलाच बंदी करतो. शेकडो वर्षांनी मॉर्गॉथविरुद्धच्या अखेरच्या युद्धाला निघालेल्या सैन्यासाठी टेलेरी जहाजे हाकतात खरे, पण त्यांच्यापैकी एकही जण पलीकडच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवत नाही. बंदरातली ती कत्तल त्यांच्या लेखी इतिहासजमा झालेलीच नसते.

‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ हे आपल्या कानावर लहानपणापासून असते, म्हणूनही कदाचित पुनर्देहाचा युक्तिवाद आपल्याला चटकन पटतो. पण गीतेतल्या अर्जुनाला आपले मागचे जन्म आठवत नाहीत. एल्फ मात्र तोच असतो, त्याच नावाचा, त्याच आठवणींसह परतणारा, आणि आपल्यावर कोणी वार केला हे त्याला ठाऊक असते. परतण्याची वाट खुली असल्यामुळे मारणाऱ्याचा अपराध तसूभरही कमी होत नाही; उलट ज्याच्याविरुद्ध तो घडला, तो कधीतरी समोर उभा राहू शकतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटतात ती सिरियन नदीच्या मुखाजवळची काही निनावी माणसे, म्हणजे एल्फच. सिल्मरिल परत मिळवण्याच्या शपथेपायी फेआनोरचे मुलगे तिसऱ्यांदा स्वकीयांवर चालून जातात, तेव्हा त्यांच्याच सैन्यातले काही जण बाजूला उभे राहतात, आणि मोजके जण, एक सिल्मरिल जिच्याकडे आहे त्या एल्विंगच्या बाजूने, आपल्याच धन्यांविरुद्ध लढून मरतात. टॉल्किनने त्यांना एका वाक्यापलीकडे जागा दिलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. शस्त्र त्यांनीही स्वकीयांवरच उचलले, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो क्षुल्लक नाही. तरीही त्यांना आणि त्यांच्या धन्यांना मी एकाच मापाने मोजणार नाही, कारण धनी एका रत्नासाठी आले होते आणि हे ज्यांच्यासाठी उभे राहिले ते डोरियाथ आणि गोंडोलिन ही आपली राज्ये गमावून तिथे आसऱ्याला आलेले निर्वासित होते.