'स्पष्टवक्ता' यांना उत्तर: भारत, इंडिया आणि माझा एसी

भारत आणि इंडिया या आपल्या देशाच्या दोन नावांवर मागच्या आठवड्यात लिहिलेल्या 'दोन नावांचा देश' या लेखावर 'स्पष्टवक्ता' अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. चारच वाक्यं. पण चौथ्या वाक्याने दोन रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून तिथेच खाली दोन ओळी न खरडता हे सविस्तर लिहितो आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी प्रतिक्रिया जशीच्या तशी (तिच्यातले शरद जोशी म्हणजे शेतकरी संघटनेचे नेते; लुटला जाणारा शेतकऱ्यांचा देश तो 'भारत' आणि त्याच्या जिवावर जगणारा तो 'इंडिया', अशी त्यांची मांडणी):

"कामतांच्या सुधारणेवरचं मतदान ५१ विरुद्ध ३१ नव्हे, ५१ विरुद्ध ३८ होतं. शरद जोशींच्या 'भारता'त शेतमालक होता. शेतमजूर, दलित, आदिवासी कुठे होते? देशाचं नाव बदलून किंवा फोडून कुणाचं पोट भरलेलं नाही. एसीत बसून भारताचे गोडवे गाणाऱ्यांचा आता कंटाळा आला."

पहिलं वाक्य बरोबर आहे. १८ सप्टेंबर १९४९ला संविधान सभेत ह. वि. कामतांनी 'भारत' आधी आणि 'इंडिया' इंग्रजीपुरतं, अशी सुधारणा मांडली. आयर्लंडच्या घटनेत असंच आहे, हा दाखलाही दिला. ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. टिपणातून उतरवताना माझ्याकडून चूक झाली, लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. आता तुमच्याच आकड्यांचा हिशेब करा. सात जणांनी हात दुसऱ्या बाजूला वर केला असता तर घटनेच्या पहिल्या कलमातलं 'इंडिया, अर्थात भारत' हे उलटं झालं असतं. म्हणजे चूक दुरुस्त केल्यावर माझा मुद्दा अधिकच पक्का होतो: कुठलं नाव आधी आणि कुठलं 'अर्थात'च्या मागे, हे काही वेदकाळापासून ठरलेलं नव्हतं. घटनेच्या १९४८च्या मसुद्यात तर 'भारत' नव्हतंच, नुसतं 'इंडिया' होतं.

आता चौथं वाक्य.

एसी आहे. लपवत नाही. एक आहे, दीड टनाचा, आईच्या खोलीत, कारण पुण्याचा एप्रिल तिला आता सोसत नाही. मी ज्या खोलीत बसून लिहितो तिथे पंखा आहे आणि तो तिसऱ्या नंबरवर खडखडतो. हे सांगावं लागतंय याचीच लाज वाटते. पण 'एसीत बसून' हे दोन शब्द एकदा फेकले की समोरच्याचं सगळं लेखन खोटं ठरतं, अशी सोय हल्ली झाली आहे. मुद्दा खोडायचे कष्ट नाहीत, माणूसच खोडून टाकायचा.

तेव्हा मी कुठे बसलो होतो ते ऐका. आमचं गाव निफाड तालुक्यात, लासलगावच्या बाजाराचं. १९८०च्या नोव्हेंबरात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी मुंबई-आग्रा रस्ता अडवला गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. उसाला टनाला ३०० रुपये मागत होते. दादा, म्हणजे माझे वडील, पिंपळगावला गेले ते बारा दिवसांनी परत आले. मधले दिवस तुरुंगात. घरी रोप तयार, लावणी खोळंबलेली, आणि आई रोज संध्याकाळी बांधावर उभी. परत आले तेव्हा सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला होता. तो त्यांनी मरेपर्यंत काढला नाही, धुवायला टाकताना एका सदऱ्यावरून काढून दुसऱ्यावर लावायचे. दादांना 'इंडिया' म्हणता येत नसे, 'इंड्या' म्हणायचे. "इंड्याला कांदा स्वस्त पाहिजे, म्हणून आपण मरायचं." स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आलेला हा शरद जोशी नावाचा माणूस घटनेतलीच दोन नावं उचलतो, त्यांच्यामधला 'अर्थात' काढतो आणि 'विरुद्ध' घालतो, आणि चौथी शिकलेल्या माझ्या बापाला ते एका सभेत कळतं. सभागृहात एक अख्खी चर्चा झाली त्या नावांवर, तिचा इतका सरळ अर्थ मला दुसऱ्या कुणी सांगितलेला नाही.

आणि मग १९८९. पुण्यात इंजिनिअरिंगला आलो. कॉलेजचं नाव सांगत नाही, ती मुलं आता आजोबा व्हायच्या वयाला आली आहेत. पहिल्या रात्री सीनियरने विचारलं, कुठला? गाव सांगितलं. तो मागे वळून ओरडला, "अरे, हा डायरेक्ट भारतातून आलाय!" झालं. चार वर्षं मी 'भारत'. "ए भारत, चहा सांग." "भारत, तुझ्या बादलीला वास येतो." मेसमध्ये भाकरीची चौकशी केली तर "भारताचा आहार" असं फळ्यावर लिहिलेलं. जोशींचे शब्द तोवर पेपरांतून सगळीकडे पोचले होते, आणि या मुलांनी ते आमच्याच अंगावर फेकायला वापरले. माझं खरं नाव निम्म्या वर्गाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. लग्नाला आले तेव्हा मांडवात विचारत होते, "भारतचं लग्न इथेच ना?" सासरे घाबरले, त्यांना वाटलं मुलाने नाव खोटं सांगितलं.

एकदा दादा हॉस्टेलवर आले. धोतर, टोपी, बिल्ला. खालून कुणीतरी ओरडलं, "भारत, तुझे फादर आलेत!" मी जिन्यातच थिजलो. दादांनी विचारलं, "तुला भारत म्हणत्यात?" मी मान हलवली. तर म्हातारा खूश. "चांगलं हाय की." पुढे दहा मिनिटं ते त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून बोलत होते आणि त्या पोराला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

एकच नाव. बापाच्या छातीवर बिल्ला, पोराच्या पाठीला चिकटवलेली चिठ्ठी. आणि तुम्ही मला सांगता की मी 'गोडवे गातो'? गोडवे कुठे दिसले तुम्हाला? लेख पुन्हा वाचा. निदान एकदा तरी वाचा.

तुमचं दुसरं वाक्य, मजूर कुठे होते वगैरे. हा आक्षेप जोशींच्या हयातीतही घेतला गेला होता आणि त्यांचं उत्तर जगजाहीर आहे: शेतमालाला भाव मिळाला तर मजुरी वाढेल. पटो न पटो, उत्तर होतं. आणि मला हा प्रश्न दिसतच नाही, असं भासवू नका. लेखातच लिहिलं आहे की आमच्या ओट्यावर भटजी संकल्प सोडताना 'भरतवर्षे भरतखंडे' म्हणत, 'गोदावर्याः उत्तरे तीरे' म्हणत, आणि ते ऐकायला ओट्यावर कोण बसायचं आणि अंगणाबाहेर कोण उभं राहायचं हे ठरलेलं असायचं. आमच्याकडे लावणीला सुरगाण्याच्या आदिवासी भागातून माणसं यायची. एकाच पातेल्यातलं कालवण सगळ्यांना, आई भेद करत नसे. आम्ही त्यांना डांगाणी, म्हणजे डांगातले, म्हणायचो. काहींची नावं ठाऊक होती, सगळ्यांची नव्हती. पण त्या म्हणण्यात हेटाळणी नव्हती, ते निराळं. तर तो विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

तिसरं वाक्य, नावाने पोट भरत नाही. हे कुठल्याही चर्चेत कुठेही ठोकता येतं. कवितेने भरतं का? १९७२ साली सिलोनचं श्रीलंका झालं तेव्हा तिथल्या तमिळ माणसाचंही पोट नावाने भरलं नाही; त्याच्या भाषेत देश आजही 'इलंगै'च आहे. म्हणून नाव क्षुल्लक होतं का? यावर पूर्वी लिहिलं आहे, पुन्हा उगाळत नाही. 'फोडून' हा शब्द मात्र खटकला. देश जोशींनी फोडला नाही, फुटलेला दाखवला. २०२३मध्ये जी-२०च्या मेजवानीच्या निमंत्रणावर 'प्रेसिडेंट ऑफ भारत' छापलं तेव्हा एक बाजू म्हणाली गुलामी गेली, दुसरी म्हणाली विरोधकांनी आघाडीचं नाव 'इंडिया' ठेवलं म्हणून हे चाललंय. नाण्यावर 'भारत' आणि 'इंडिया' दोन्ही असतात, हे कुणाला आठवलं नाही. कांद्याचं तर कुणालाच आठवलं नाही. त्या पंगतीत फोडणारा म्हणून नाव कुणाचं घ्यायचं, तर आंबेठाणच्या म्हाताऱ्याचं!

काही वाचकांनी सुचवलं की ही प्रतिक्रिया काढून टाका. काढणार नाही. टीका मला चालते, बारा वर्षं लिहितोय, याहून कडवट ऐकलंय. पण एक गोष्ट राहवत नाही म्हणून बोलतो. नावांवरच्या लेखाखाली तुम्ही मला माझी पायरी दाखवलीत, आणि स्वतःचं नाव काय लिहिलंत? 'स्पष्टवक्ता'. माझं नाव, गाव, बापाचा तुरुंग, एसीचे टन, सगळं इथे उघडं आहे. तुम्ही साहेब आहात की बाई, शेती करता की कलेक्टर कचेरीत आहात, मजुरांच्या बाजूने बोलता ते मजुराच्या घरातून की आणखी कुठून, मला काही कळायला मार्ग नाही. मजुराच्या घरातले असाल तर माझे वरचे दोन-तीन शब्द जरा जास्तच तिखट झाले असं समजा. नसाल तर तसेच राहू द्या.

पुढच्या वेळी नाव लिहा. अडचण असेल तर गाव तरी.