सतरा की अठरा?

परवा शनिवारी, भर दुपारी, एडिंबरोतल्या मॅकडोनल्ड रोडच्या ट्राम स्टॉपवर एका अनोळखी आजोबांनी माझ्या निऱ्या मोजल्या. मोठ्याने, बोट दाखवून.

निऱ्या किल्टच्या, म्हणजे स्कॉटलंडचे पुरुष घालतात त्या गुडघ्यापर्यंतच्या घागऱ्याच्या, आणि किल्ट मी घरी शिवलेला. मित्राचं लग्न होतं, पत्रिकेत 'किल्ट असल्यास उत्तम' अशी ओळ होती. लोकरी टार्टनचा, म्हणजे चौकड्यांच्या कापडाचा, हातशिलाईचा अस्सल किल्ट घ्यायचा तर शेकडो पौंड. भाड्याने मिळतो, पण मागच्या शनिवारी त्यात कोण नाचून घामाघूम झालं असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना. हल्ली इथली तरुण मंडळी साध्या ड्रिलचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, खिसेबिसे असलेला किल्टही घालतात. म्हटलं, तोच शिवू. सरळ पट्टी, मागे निऱ्या, वर पट्टा, संपलं! असं ज्याने मला व्हिडिओतून हसत हसत सांगितलं, तो माणूस मला कधी प्रत्यक्ष भेटू नये.

अस्सल किल्टला आठ वार कापड लागतं. माझ्या आजीचं लुगडं नऊ वारांचं. ती ते पाच मिनिटांत नेसायची, टाचणी नाही की आरसा नाही. मी अडीच मीटर ड्रिल आणलं, उभं मधोमध कापलं, जोडून पाच मीटरची पट्टी केली आणि तीन शनिवार-रविवार जेवणाच्या टेबलावर तिच्याशी कुस्ती खेळलो. कमरेपेक्षा माझी बैठक भारी. त्यामुळे अठरापैकी प्रत्येक निरी वर जाताना तीन मिलिमीटरने निमुळती करायची. तीन मिलिमीटर! माझी पोळी अजून गोल होत नाही. पट्ट्यापाशी ड्रिलचे इतके थर जमले, की जीन्सची म्हणून घेतलेल्या जाड सुयाही मोडल्या. एक नाही, तीन.

आई गेली चाळीस वर्षं साताऱ्यात लोकांचे ब्लाउज शिवते. घरात पायमशीन होतं. ताईला सातवीतच बसवली त्यावर. मी नुसता पाय लावला तरी आजी ओरडायची, "ऊठ, बायकी कामं कशाला करतोस?" हे मी गंमत म्हणून सांगत नाही. बॉबिन कशी भरायची ते अडतिसाव्या वर्षी मोबाइलवर बघावं लागतं, याचा मला अजून राग येतो. बटण तुटलं की शर्ट टाकून देणारे आम्ही सगळे चुलतभाऊ. आणि वर ताईने फोनवर विचारावं, "परकर झाला का रे शिवून?"

तर, आजोबा. सत्तरीचे असतील. चाकाची पिशवी, पिशवीतून डोकावणारी कांद्याची पात, अंगात स्वतःच्या ट्रॅकपँट. त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. किल्टवाल्याला सगळे जो एक प्रश्न विचारतात, आत काय घातलंय, त्याचं झकास उत्तर मी दोन दिवस घोकून ठेवलं होतं. आजोबांनी तो विचारलाच नाही.

"स्वतः शिवलास?"

"हो!"

"वाटलंच."

हा शब्द माझ्या अजून घशात अडकलाय.

"वळ जरा."

मी का वळलो, देव जाणे. वडीलधाऱ्या माणसाने कपड्याकडे बघत 'वळ' म्हटलं की आपण वळतो. दर दिवाळीला शिंप्यापुढे लागलेली सवय.

"...पंधरा, सोळा, सतरा. सतरा."

"अठरा आहेत."

"सतरा."

"अहो, मीच शिवलाय!"

"शिवणाऱ्याने मोजू नये," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेजारी बाबागाडी घेऊन उभ्या असलेल्या बाई वाकून बघू लागल्या. "मला सोळाच दिसतात." एवढ्यात ट्राम आली. बाई गेल्या, ट्राम गेली, मी तसाच पाठमोरा.

मग आजोबा पुढून आले. किल्टला पुढे दोन पदर असतात, एकावर एक. वरच्या पदराच्या कडेला खाली एक मोठी पिन लावतात. ती मी वाऱ्याच्या भीतीने दोन्ही पदरांतून घट्ट टोचली होती.

"ही नुसती वजनाला असते. एकाच पदराला लावायची. अशाने चालशील कसा?"

मी निमूटपणे पिन काढली. समुद्रावरचा वारा जणू त्याचीच वाट बघत होता.

"आणि," दोन्ही हातांनी किल्ट धरून उभ्या असलेल्या मला ते शांतपणे म्हणाले, "हा उघडतो डावीकडे. पुरुषाचा उजवीकडे उघडतो."

हे मात्र खरं निघालं. बक्कल कुठल्या बाजूला येणार त्याची खडूची खूण मी आरशात बघून केली होती, आणि आरशातलं उजवं ते माझं डावं. पण कबूल कोण करणार? मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, "आजोबा, हा आखूड किल्ट १७२० च्या दशकात लँकेशायरच्या रॉलिन्सन नावाच्या एका कारखानदाराने काढला म्हणतात. इंग्रज होता."

"कोण म्हणतं?"

"इतिहासकार."

"इंग्रज?"

"काही."

"मग!" एवढं बोलून ते तिसऱ्यांदा मागे गेले.

१७४६ साली लंडनच्या सरकारने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पोशाखावर बंदी घातली होती, किल्टसकट. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. कायदा उठला तो १७८२ मध्ये. पहिल्यांदा वाचलं तेव्हा या जुलमाने माझं रक्त उसळलं होतं. शनिवारी त्या स्टॉपवर वाटलं, छत्तीस वर्षं किती लोकांचे शनिवार-रविवार वाचले असतील!

लग्नात कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डावं-उजवं सोडा, नवऱ्या मुलालाही, "अरे, मी घरी शिवलाय," हे मलाच दोनदा सांगावं लागलं. तो म्हणाला, "हो का? छान." आणि केक कापायला गेला.

रविवारी आईला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, निदान ही तरी कौतुक करेल. तिने चष्मा लावला, मला किल्ट उलटा करायला लावून आतली टीप बघितली आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

"दोरा कुठला वापरलास?"

"साधाच."

"दिसतंय. ती बक्कलं उसव आणि दुसरीकडे लाव. काय म्हणाले ते आजोबा, किती आहेत?"

"सतरा म्हणाले. पण आहेत अठरा."

"तू मोजल्यास?"

मी मोजल्या नव्हत्या. अजूनही मोजलेल्या नाहीत, मोजणारही नाही.

"अंगात घाल बघू," आई म्हणाली, "आणि वळ जरा."

मी फोन ठेवून दिला.