‘काकू, काळाबरोबर चला’ असं लिहिणाऱ्या वाचकाला

गूगल शोधाच्या वर चौकटीत येणाऱ्या आयत्या उत्तरांवर मी लेख लिहिला, त्याखाली ‘एक वाचक’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख म्हणजे रडगाणं आहे, लोकांना उत्तराशी मतलब, ते कुठून आलं याच्याशी नाही, चौकटीखाली मूळ पानाचा दुवा असतोच, विकिपीडियाला गूगल पैसेही देतं, आणि काकू, जरा काळाबरोबर चला.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. माझं वय त्या लेखात कुठेही नव्हतं, ते तुम्ही आणलंत. स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याला काकू म्हणण्याची सलगी मला मान्य नाही. आणि काळाचंच म्हणाल, तर तालुक्याच्या ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर मी मराठी विकिपीडियावर लेख तपासते. ती चौकट कुठल्या मजकुरावर उभी असते ते मला रोज दिसतं. तुम्हाला दिसतं का?

दुव्याचं म्हणणं बरोबर आहे, दुवा असतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या सशुल्क सेवेची गूगल 2022 पासून ग्राहक आहे, हेही खरं. पण पैशाचा विषय माझ्या लेखात नव्हताच.

आता ते एक वाक्य: ‘लोकांना उत्तराशी मतलब.’ याने मला खरंच राग आला.

शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. चौकटीत 19 फेब्रुवारी 1630 येते. ती शासनमान्य तारीख आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण आधी शके 1549 च्या वैशाखातली, म्हणजे 1627 सालची तिथी सर्रास मानली जायची. मग जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, उजेडात आली, लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्ध केली, आणि शके 1551 च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा पुरावा समोर आला. ‘शिवभारत’ या महाराजांच्या काळातल्या संस्कृत काव्यानेही तिलाच दुजोरा दिला. त्यावर अभ्यासक कित्येक दशकं भांडले. आजही तिथीने की तारखेने हा वाद गावोगाव होतो. संदर्भ विभागात या प्रश्नासाठी कुणी आलं की मी तारीख सांगून मोकळी होत नसे, पुस्तक उघडून पुढ्यात ठेवत असे. त्यातली काही मुलं संध्याकाळपर्यंत उठायची नाहीत. चौकट वाचून मुलाला तारीख मिळते, पण ती ठरवावी लागली होती हे त्याला कळत नाही.

आणि हे तंत्राला जमत नाही असंही नाही. 2012 च्या मे महिन्यात गूगलने ‘नॉलेज ग्राफ’, म्हणजे या चौकटीमागचा माहितीसाठा, आणला, तेव्हा त्याचा माल विकिपीडिया, फ्रीबेस हा खुला माहितीसाठा आणि अमेरिकेच्या सीआयएचं देशोदेशींच्या माहितीचं फॅक्टबुक यांतून घेतलेला होता. त्याच वर्षी विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाचा भावंड माहितीसाठा, सुरू झालं. तिथे एका व्यक्तीच्या दोन जन्मतारखा नोंदवता येतात, प्रत्येकीला वेगळा संदर्भ जोडता येतो, कुठली अधिक ग्राह्य तेही सांगता येतं. एवढी सोय असून वाचकापर्यंत पोचते एकच ओळ. ही निवड कुणीतरी केलेली आहे. तिला तुम्ही ‘काळ’ म्हणता.

चूक झाली तर काय होतं तेही पाहा. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकन पक्षाच्या विचारसरणीत गूगलच्या चौकटीने ‘नाझीवाद’ दाखवला. कंपनीने बोट दाखवलं विकिपीडियावरच्या खोडसाळपणाकडे. विकिपीडियाच्या पानावर असा खोडसाळपणा कुणी, कधी केला हे पानाच्या संपादन-इतिहासात दिसतं, कुणीही तो पुसू शकतं, चर्चापानावर भांडू शकतं. चौकटीला ना इतिहास आहे ना चर्चापान. अभिप्रायाचं एक बटण आहे, तेवढंच. मूळ पान उघडायची सवयच गेली, तर उद्या ते दुरुस्त करायला येणार कोण? विकिपीडियाचे संपादक आधी वाचक म्हणूनच तिथे येतात. मीही तशीच आले.

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देत नाही. ‘जुन्या लोकांना बदल नको असतो’ हा मुद्दा नव्हे. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा जन्मतारखेबद्दल लिहा, आणि काकू नको.