तुम्ही सिनेमा बंद केलात, तिथून पुढे

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक मुद्दा मनाला लागला होता. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या ‘द सेव्हन्थ सील’ या सिनेमावर मी जे लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिनेमातला इतिहास चुकीचा आहे. नास्तिकाने काढलेला सिनेमा श्रद्धाळू माणसाने का बघावा? देव गप्प का, हा प्रश्न तिकडच्यांचा. ज्याच्या घरात वारी आहे त्याला तो पडतच नाही. आमच्या सावित्रीने यमाकडून नवरा परत आणला, आणि सिनेमातला हा सरदार मृत्यूशी बुद्धिबळाचा डाव मांडूनही हरतो. तो डाव म्हणजे नुसती चमत्कृती, आणि एकूण सिनेमा म्हणजे अवडंबर. शेवटी तुम्ही लिहिलंत, की स्वतःच्या अंगावर आसूड ओढत जाणाऱ्यांची मिरवणूक आली तिथे तुम्ही सिनेमा बंद केलात.

इतिहासाबद्दल तुमचं बरोबर आहे. अक्रा हा ख्रिस्ती धर्मयुद्धवाल्यांचा पूर्वेकडचा शेवटचा मोठा गड 1291 मध्ये पडला आणि प्लेग स्वीडनमध्ये पोचला 1350 मध्ये. म्हणजे दहा वर्षं धर्मयुद्धात काढून हा सरदार ऐन साथीत घरी येतो, हे जुळत नाही. सिनेमात दिसतं तसं चेटकिणी म्हणून बायकांना जाळण्याचा स्वीडनमधला मोठा कहर तर सतराव्या शतकातला. पण बर्गमनने हे जग बखरीतून घेतलेलं नाही, देवळाच्या भिंतींवरून घेतलंय. त्याचे वडील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होते. ते खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये प्रवचनाला जात तेव्हा हा पोरगा बरोबर असे आणि प्रवचन चालू असताना छतावरची चित्रं बघत बसे. स्टॉकहोमजवळ टेबी नावाच्या गावातल्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातलं एक चित्र आजही आहे, आल्बर्टस पिक्टर या चित्रकाराचं. त्यात मृत्यू एका माणसाशी बुद्धिबळ खेळतोय. ज्या डावाला तुम्ही चमत्कृती म्हणालात, तो असा देवळातून आलेला आहे.

आता ‘नास्तिक’. तो शब्द माझ्याच लेखातला, आणि तो मी मागे घेतो. घाईत वापरला होता. सिनेमाचं नाव बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून आलंय: सातवी मुद्रा फोडली तेव्हा स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता पसरली. ही शांतता ऐकू कोणाला येते? ज्याने हाक मारलेलीच नाही, त्याला ती कशी जाणवणार? सरदार आंतोनियुस ब्लोक सुरुवातीलाच समुद्रकाठी गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो. पुढे चर्चमध्ये जाळीपलीकडच्या माणसाला धर्मोपदेशक समजून मन मोकळं करतो. मला विश्वास नको, ज्ञान हवंय, म्हणतो. देवाने हात पुढे करावा, तोंड दाखवावं, बोलावं. डावातली आपली उंट-घोड्याची चालही सांगून टाकतो, आणि जाळीपलीकडे मृत्यूच उभा असतो. फसलो हे कळल्यावर तो स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरून बघतो. हा माझा हात, हलतोय, आत रक्त वाहतंय, सूर्य अजून वर आहे आणि मी मृत्यूशी बुद्धिबळ खेळतोय. सरदार झालेला नट माक्स फॉन सीडोव हे काम करताना जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. दर वेळी मी त्या हाताकडेच बघत राहतो.

लागलेला मुद्दा वारीचा. आमच्याही घरात वारी आहे. वडिलांनी सव्वीस वर्षं केली, गळ्यात माळ. शेवटच्या आजारपणात अतिदक्षता विभागात नेताना नर्सने माळ काढून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. नियमच होता, तिचं काही चुकलं नाही. वडील शुद्धीवर आले की हात गळ्याशी न्यायचे, चाचपायचे, आणि हात तिथेच ठेवायचे. एकदा मला जवळ बोलावून अगदी साध्या आवाजात म्हणाले, “पांडुरंग ऐकत असेल का रे?” मी “हो अण्णा” म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, त्यावरून माझं उत्तर त्यांना पुरलं नाही हे मला कळलं. म्हणून, वारकऱ्याला हा प्रश्न पडत नाही असं कृपा करून म्हणू नका. ‘माझे लेखी देव मेला’ असं खुद्द तुकोबा म्हणून गेलेत. देवाशी इतकं भांडायला आधी त्याच्याशी तितकं नातं लागतं.

आणि सावित्री. तुम्ही ते नाव काढलंत याचा मला खरंच आनंद झाला, कारण मला स्वतःला ते सुचलं नव्हतं. सरदार डाव हरतो, हे खरं. पण हरण्याआधी काय होतं? रानात रात्री डाव चालू आहे. जवळच योफ आणि मिया हे गावोगाव खेळ करणारं नट-जोडपं आणि त्यांचं तान्हं पोर, मिकाएल. योफला समोर बसलेला मृत्यू दिसतो, आणि तो बायको-पोराला घेऊन गाडी जुंपतो. ते सरदाराच्या लक्षात येतं. तो झग्याच्या घोळाने पटावरची मोहरी पाडतो. मृत्यू म्हणतो, माझ्या लक्षात आहेत कुठे होती ती, आणि एकेक परत मांडत बसतो. तेवढ्यात गाडी निघून जाते. पुढच्या चालीत मात. या मुदतीचा काही फायदा झाला का, असं मृत्यू विचारतो आणि सरदार हो म्हणतो. सावित्रीने यमाला शब्दांत गुंतवलं, याने मोहऱ्यांत गुंतवलं. तिने आपलं माणूस सोडवलं, याने दोन दिवसांच्या ओळखीची तीन माणसं सोडवली. मी याला हार म्हणू शकत नाही.

ही तीन माणसं त्याची कधी झाली, ते तुम्ही बघितलेलंच नाही, कारण ते मिरवणुकीनंतर येतं. ती मिरवणूक बघवत नाही, मान्य आहे. तिच्यापाठोपाठचा सराईतला प्रसंगही त्रासाचा आहे. तिथे लोक योफला टेबलावर अस्वलासारखं नाचायला लावतात आणि हसतात. तेवढं सोसा. मग संध्याकाळचं ऊन, टेकडीचा उतार, मियाने पुढे केलेल्या रानातल्या स्ट्रॉबेऱ्या आणि वाडग्यात ताजं दूध. योफ वाद्य छेडतोय, पोर झोपलंय, सरदाराचा हुजऱ्या यॉन्सही आलाय. सरदार म्हणतो, ही संध्याकाळ मी काठोकाठ भरलेल्या दुधाच्या वाडग्यासारखी जपून नेईन. असं म्हणत तो वाडगा दोन्ही हातांनी उचलतो आणि पितो. चर्चमध्ये रिकामा बघितलेला तोच हात.

सगळा सिनेमा दीड तासाहून थोडाच मोठा आहे. तुम्ही थांबलात तिथूनच पुढे लावा, पहिल्यापासून बघायची गरज नाही. त्या वाडग्यापर्यंत या आणि मग मला लिहा. तरीही अवडंबरच वाटलं तर तसं लिहा. मी ते छापीन आणि मनावर घेईन.