हवा खेळती राहते म्हणे!

साडेआठला येतो म्हणालेला जीनवाला रविवारी साडेअकराला उगवला. चहा झाला, पोहे झाले, "ताई, इकडे मखमलाबादला रेंजच नाही का हो" झालं, आणि मग साहेबांनी डिकीतून जीन काढली. नवीकोरी, तपकिरी, कातड्याचा वास असा की माझ्यासारखी बाई तिथेच पाकीट काढेल. आमच्या घोडीच्या, शेवंतीच्या पाठीवर टाकली. टाकली म्हणजे टाकलीच, खुर्चीवर ओला टॉवेल टाकतात तशी. पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला, दोन पावलं मागे सरकला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "एकदम फिट्ट!"

मी काही बोलले नाही. जीनच्या मधोमध, गादीच्या खालून हात घातला. अख्खा पंजा गेला, मनगटापर्यंत, बांगड्यांसकट. आत बोटं उघडून, मिटून दाखवली. बांगड्या वाजल्यासुद्धा.

तर हा म्हणतो, "तेवढी हवा खेळती राहायलाच पाहिजे, ताई. उन्हाळ्यात बरं असतं."

घोडी आहे का बेडरूम? पंखा पण लावू का आत?

अरे बाबा, तिच्या पाठीला झोळ आहे. जीन पुढे खांद्यापाशी टेकली, मागे कमरेपाशी टेकली, आणि मध्ये नुसता आमच्या नाशिकच्या द्वारकेचा उड्डाणपूल. म्हणजे मी बसले की माझं सगळं वजन चार कोपऱ्यांवर. हे सांगितलं तर "बसल्यावर दबेल हो." काय दबेल? आत लाकडाचा सांगाडा आहे. तो दबत नाही, घोडी दबते. मग म्हणे खाली दोन गोधड्या घाला. घट्ट बुटात दोन जोड मोजे घालून बघ म्हटलं एकदा. सारख्या जाडीचं काहीही घातलं तरी पोकळी तिथेच राहते, फक्त दोन बोटं वर सरकते, आणि पुढे खांद्यावर जीन आणखी रुतते. भरायचं ते मध्ये. फक्त मध्ये! हे कळायला अश्वशास्त्र लागत नाही, उशी लागते.

मग हरभरा निघाला. हरभरा निघणारच होता. "भिजवून चारा, पाठ भरून येईल." १९ वर्षांची आहे ती. अर्धं आयुष्य नवरदेव वाहण्यात गेलं, डीजेसमोर मागच्या पायांवर उभं राहण्यात गेलं, मधल्या काळात पोरं झाली. मणके खचलेत तिचे, पोट खपाटीला गेलेलं नाही. हरभऱ्याने मणके वर येत असते तर गंगापूर रोडवरच्या निम्म्या हाडांच्या दवाखान्यांना कुलूप लागलं असतं.

आणि जाता जाता, तिच्या तोंडावर, कान टवकारून ती ऐकत असताना: "खरं सांगू का ताई, घोडीच बदला. दत्तजयंतीला सारंगखेड्याला चक्कर मारा. नाहीतर येवल्याचा बाजार आहेच."

जीन बसत नाही म्हणून घोडी बदला! चप्पल चावते म्हणून पाय कापा!

वर पेट्रोलचे पाचशे घेतले. मी दिले. का दिले, मला विचारू नका, आमच्या ह्यांनी विचारून झालंय.

ही तिसरी जीन. पहिली कानपूरहून मागवली होती. माल चांगला असतो तिकडचा, जीन बनवणारं गावच ते. पण फोनवरचा पोरगा एकच पालुपद लावून बसलेला: "साईज बताइए मॅडम, सतरा या अठारा?" अरे, १७ इंच हे बसणाऱ्याचं माप आहे. माझं. घोडीच्या पाठीचं माप विचार ना! तर म्हणे घोडे को सब आ जाता है. आली. पार्सल आलं, पाठीवर ठेवलं, आणि मागचं टोक शेवटच्या बरगडीच्याही मागे चार बोटं कमरेवर. तिथे वजन पेलायला खाली बरगडीच नाही. परत पाठवायची म्हटलं तर कुरिअरवाला म्हणतो "मोठा नग आहे, खोका लागेल." जसा आला तसा ने की मेल्या, खोका तूच फाडलास.

दुसरी जुनी घेतली, देवळालीकडून, ओळखीतून. ओळखीतून घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही, हा तिचा मुख्य दोष. पंधरा दिवस चालवली. एका सकाळी जीन उतरवली तर कडेला घाम, मधली पाठ कोरडी ठणठणीत, आणि खांद्याच्या हाडाशी दोन्ही बाजूंना रुपयाएवढ्या जागी केस उलटे वळलेले. महिन्याभराने, जीन रुतलेल्या त्या जागी पांढरे केस आले. काळ्याभोर घोडीवर दोन पांढरे ठिपके. बघायला येणारे लोक म्हणतात, "अय्या, शुभ खूण आहे का ही?" हो, शुभ आहे, माझ्या गाढवपणाची आहे.

लोकांचंही एक वेगळंच. कॅनॉलच्या रस्त्याने नुसतं चालवत नेलं तरी गाड्या थांबतात. "ताई, पिंट्याला बसवू का एक फोटोपुरतं?" नाही! "हिची पाठ अशी का? खूप ओझं लादलं का हो?" मी लादलं का? तुमच्याच लग्नांमध्ये गेलीय ती. एकाने तर रंगपंचमीच्या दिवशी, आमच्याकडे रहाडी म्हणजे जमिनीतले रंगाचे हौद उघडतात तेव्हा, विचारलं, "पाठीवरच रहाड काढली की काय?" हसू आलं मला, खोटं कशाला बोलू, पण त्याला दिसू दिलं नाही.

रस्त्यांबद्दल बोलतच नाही. कुंभमेळा २०२७ चा, खड्डे आत्तापासून. धडधाकट पाठीच्या माणसाचीही पाठ शेवंतीसारखी होईल.

तर रविवारी तो गेल्यावर मी तावातावाने कागद घेऊन बसले. घोडीचं वजन अंदाजे ३२० किलो. वाहून न्यायचं वजन तिच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं असं म्हणतात, आणि अशा पाठीला त्याहून कमीच. म्हणजे ६४. जीनचे सात गेले, उरले ५७. मग मी काट्यावर उभी राहिले. मग काट्याखालची फरशी बदलून पुन्हा उभी राहिले. आकडा इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की गेल्या दिवाळीत घेतलेली जीन्स मांड्यांना बसते आणि मागे कमरेपाशी असा पोकळा आ वासते की त्यात पंजा जातो. बांगड्यांसकट. आमचे हे म्हणाले, "हवा खेळती राहते." दोन दिवस जेवण एकाच भाजीवर आहे त्यांचं.

आता शेवटची आशा भद्रकालीतला आमचा चांभारमामा. मी अर्थिंगची जाड तांब्याची तार आणली, शेवंतीच्या पाठीवर दाबून वाकवली, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आखली आणि कापली. खांद्यामागे आडवी एक, पाठीच्या मध्यावर एक, आणि एक लांब, उभी. मामांनी चष्मा कपाळावर चढवून पुठ्ठा उभा धरला, एक डोळा मिटून बघितला, म्हणाले, "पार होडी झाली की हिची." पहिला माणूस ज्याने जीनकडे न बघता पाठीकडे बघितलं! देवळालीची जुनी जीन उसवून, मधल्या भागात लोकर जास्त, टोकांना कमी, असं करून बघू म्हणाले. सांगाडाच सरळ निघाला तर काही खरं नाही, हेही म्हणाले. "खोगीरभरती" ही शिवी कोणी केली कोण जाणे. इथे गेलं वर्षभर धड खोगीर भरून देणारा माणूस शोधतेय मी.

गुरुवारी बोलावलंय. तोवर घोडी पुढे, मी मागे, दोघी पायी. काल परत एक गाडी थांबली, काच खाली झाली, "ताई, घोडी असून चालताय का हो?"