‘बॉडी उंबऱ्याच्या आत ओढा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी कुडाळजवळ मामाकडे गेले होते. निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेली बंदूक नुकतीच परत आली होती. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बारा बोअर. मामा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून नळीत तेलाच्या चिंधीचा गज फिरवत होता. मला बघून मोबाइल पुढे केला. "ह्या वाच. आता कायदो आमच्या बाजून इलो."

मेसेज थोडक्यात असा: ‘नवीन भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ प्रमाणे चोराला गोळी घातली तर गुन्हाच दाखल होत नाही, नुसती शंका आली तरी पुरे. चोर घराबाहेर पडला तर बॉडी उंबऱ्याच्या आत ओढा आणि हातात कोयता ठेवा. पोलिसांशी एक शब्द बोलू नका. बंदूक घरातल्या कोणीही चालवली तरी चालते. सर्व बंदूकधारकांना पाठवा.’

मी फौजदारी वकिली करते. हे वाचून माझं डोकं फिरलं, कारण मामाने मेसेज खरा मानला होता.

आधी त्या उंबऱ्याचं बघू. मामाचं खळं शेणाने सारवलेलं आहे. त्यावर रक्त सांडलं की ते सारवणात मुरतं, आणि माणूस ओढला की टाचांच्या रेघा उमटतात. बारा बोअरचे छर्रे अंतराप्रमाणे पसरतात, त्यावरून गोळी साधारण किती लांबून झाडली हे कळतं. रिकामं काडतूस एकीकडे, रक्त दुसरीकडे, मृतदेह तिसरीकडे आणि ज्या कोयत्यावर मेलेल्याने कधी मूठ आवळलीच नाही तो त्याच्या हातात. पंचनाम्याला आलेल्या साध्या हवालदारालाही हे दिसेल, फॉरेन्सिकवाल्यांची गोष्टच सोडा. पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे, खोटा पुरावा उभा करणं हा आणखी वेगळा. त्याहून वाईट म्हणजे तुमची खरी बाजूही त्यासोबत बुडते. खरोखर जीव वाचवायला गोळी झाडली असेल, तर मृतदेह हलवायची गरज काय पडली? या प्रश्नाला कुठल्याही वकिलाकडे उत्तर नसतं.

दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल प्रत्येक बंदूकधारकाने समजून घ्यावा. जमिनीच्या वादात बापावर गंडाशाचा (लांब दांड्याच्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराचा) वार झाला, मुलाने बंदूक झाडली, समोरचा मेला. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. त्यात स्वसंरक्षणाची दहा सूत्रं दिली आहेत. आरोपीला स्वसंरक्षण संशयातीतपणे सिद्ध करावं लागत नाही, ते संभवनीय दिसलं तरी पुरतं. ते सरकार पक्षाच्याच पुराव्यातून दिसलं तरी चालतं. म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार ती जागा आहे. फुटलेली कडी, त्याचं हत्यार जिथे पडलं तिथेच, तुमच्या अंगावरची जखम. मेसेज नेमका हाच साक्षीदार मारायला सांगतो.

मामाची सवयही इथे घातक ठरेल. बार काढला की नळी पुसायची, हे चाळीस वर्षं हाताला लागलेलं. त्या दिवशी गज मारायचा नाही. काडतूस उचलायचं नाही, फरशी धुवायची नाही. बंदूक कोणाच्या हाती लागणार नाही एवढं बघायचं, बस्स.

आता कलम ३८. ते आहे, आणि जुन्या दंड संहितेतही कलम १०० म्हणून होतंच. १ जुलै २०२४ ला आकडा बदलला, हक्क नवा मिळालेला नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी जीव घेण्यापर्यंत हक्क जातो. कलम ४१ मध्ये रात्रीची घरफोडीही आहे, हे मान्य करावं लागेल. पण दोन्हींवर कलम ३७ चा लगाम आहे: गरजेपेक्षा जास्त इजा नाही. चोर गडग्यावरून उडी मारून पळाला तर त्याच्या पाठीत गोळी घालायचा हक्क तुम्हाला नाही. दिवसाढवळ्या काजू चोरणाऱ्यावर तर नाहीच. आणि गुन्हा दाखल होतो. माणूस मेला की तपास होणार, अटकही होऊ शकते. स्वसंरक्षण हा त्यानंतरचा बचाव आहे. मर्यादा ओलांडली असं ठरलं तर प्रामाणिक हेतू असला तरी सदोष मनुष्यवधाची शिक्षा बसू शकते.

‘शंका पुरे’ हे तर भयंकर आहे. कायद्याला रास्त भीती पुरते, प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबावं लागत नाही, एवढंच त्यात खरं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेपायी जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारलं. शंका होती तिथेही.

पोलिसांशी बोलू नका, हे अर्धं खरं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती राज्यघटनेच्या कलम २०(३) प्रमाणे करता येत नाही, चौकशीत वकिलाला भेटायचा हक्क आहे. पण ११२ ला फोन तुम्हीच आणि लगेच करायचा, जखमीसाठी १०८ ला. कोण आलं, काय झालं, मी कुठे आहे, एवढं सांगायचं. स्वतःला लागलं असेल तर डॉक्टरकडून त्याची नोंद करून घ्यायची. सविस्तर जबाब वकिलाशी बोलून. तीन तास गप्प बसून मग ‘माझ्यावर हल्ला झाला’ म्हटलं, तर ते तीन तास कोर्टात तुमच्या आड येतील.

परवान्याचं फार बोलायला नको. तो माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. मामेभावाने बंदूक उचलली तर गोळीचं उत्तर स्वसंरक्षण देईल, शस्त्र कायद्याचं उत्तर त्याला वेगळं द्यावं लागेल.

मामाने तो मेसेज वाडीच्या ग्रुपवर टाकला होता. तिथे आणखी चौघांकडे बंदुका आहेत. हे लिहिलेलंही त्याच ग्रुपवर टाकायला त्याला सांगितलं आहे, आणि त्या चौघांच्या घरी संध्याकाळी स्वतः जायलाही.