‘जुनी बस तेल गाळणारच’ हे खरं नाही

“जुन्या फोक्सवॅगन बसखाली तेलाचा ठिपका दिसला नाही, तर समजायचं की इंजिनात तेलच उरलेलं नाही.” हे वाक्य इतक्या जणांनी इतक्या वेळा पुढे पाठवलंय की नव्यानं जुनी बस घेणारा माणूस ते नियम म्हणूनच ऐकतो. आपल्याकडे जुन्या ओतीव इंजिनाच्या बुलेटबद्दल असंच बोलतात, इंग्लंडात लँडरोव्हरबद्दल. बसच्या बाबतीत त्याला एक शेपूटही असतं. या इंजिनाच्या दोन अर्ध्यांमध्ये पॅकिंगच नाही आणि पुलीकडे ऑइल सील नाही, म्हणजे गळती कंपनीनंच दिलेली आहे. त्यापेक्षा जास्त गळत असेल तर फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असलेल्या जड चाकाचं, सील गेलं. नाहीतर जाड तेल घाला, नट आवळा, सिलिकॉन फासा, आणि खाली पत्र्याचा ट्रे ठेवून द्या.

माझ्याकडे १९७३ ची बस आहे, म्हणजे झोपायची सोय करून घेता येते अशी व्हॅन, १५८४ सीसीच्या हवेनं थंड होणाऱ्या आणि मागे बसवलेल्या इंजिनाची. मी राहते हॅनोव्हरजवळ. १९५६ पासून या बस जिथे बनायला लागल्या, तो कारखाना याच शहरात आहे. वरचा एकेक सल्ला मी मानला, त्याचे पैसे भरले, आणि मग गाडीखाली झोपून तो तपासला. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं, ‘गळणारच’. जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला वारसा-वाहनाची ‘एच’ पाटी मिळते, पण दर दोन वर्षांची तपासणी चुकत नाही. तपासनीस गाडी वर घेऊन खालून टॉर्च मारतो. इंजिन जरा ओलसर दिसलं तर तो शेरा लिहून सोडतो; तेल टपकत असेल तर गाडी नापास. असं असूनही इथल्या रस्त्यांवर पन्नास वर्षांच्या बस तपासणीचा शिक्का घेऊन फिरतात. गळणं जर त्यांच्या रक्तात असतं, तर त्या केव्हाच रस्त्यावरून गेल्या असत्या. ओलसर असणं आणि टपकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ते वाक्य नेमकी हीच रेघ पुसून टाकतं.

दुसरं, ‘पॅकिंगच नाही’. हे अर्धं खरं आहे. क्रँककेसच्या, म्हणजे ज्यात क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा) बसतो त्या इंजिनाच्या कवचाच्या, दोन अर्ध्यांमध्ये कागदी किंवा कॉर्कचं पॅकिंग खरंच नसतं. ते दोन्ही चेहरे मशीनवर इतके सपाट केलेले असतात की सीलंटचा पातळ हात पुरतो. मध्ये पॅकिंग घातलं तर उलट क्रँक ज्यांवर फिरतो त्या मेन बेअरिंगच्या भोकांचं माप बिघडेल. ही उणीव नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. इथून तेल आलं तर बहुतेकदा कुणीतरी केस उघडताना सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून ओरखडा पाडलेला असतो, नाहीतर मोठ्या नटांखालची सीलिंग रिंग पुन्हा बसवायची राहिलेली असते.

पुलीचंही तसंच. तिथे रबरी सील नाही, पण तेल बाहेर भिरकवू न देणारी एक चकती आहे, आणि पुलीच्या मानेवर मळसूत्रासारखी खाच कापलेली आहे. क्रँक फिरला की ती खाच तेल परत आत ओढते. तपासनीस सोडून देतो ती ओल बहुधा इथलीच, आणि तेवढी मीही चालवून घेते. पण तिथून धार लागली तर दोष खाचेचा नसतो. पिस्टन रिंगा झिजून केसमध्ये हवेचा दाब वाढलेला असतो, किंवा ती हवा बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप तुंबलेला असतो, किंवा कुणीतरी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर तेल भरलेलं असतं. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण काढा. हाताला फुंकरीसारखी हवा सतत लागत असेल तर खालची पॅकिंगं बदलून काहीही साधणार नाही. तो दाब कुठून ना कुठून तेल बाहेर काढणारच.

आता फ्लायव्हीलचं सील. यावर मी थोडं रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

हे सील इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या घुमटीत बसतं. ते बदलायला इंजिन उतरवायचं, क्लच काढायचा, आणि ३६ मिमीचा मधला नट सोडवायचा. तो नट जवळजवळ ३४० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. घुमटीच्या तळाशी थेंब दिसला की लोक डोळे मिटून हे काम काढतात. माझ्या बसचं सील एका गॅरेजनं असंच दोनदा बदललं. दुसऱ्या खेपेला महिनाभरात थेंब परत आला आणि मला तेच वाक्य ऐकवण्यात आलं: जुनी गाडी आहे, गळणारच.

सांगलीला बाबांचं शेतीपंपांची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. गळणारं इंजिन आलं की पाना उचलायच्या आधी ते रॉकेलनं धुऊन, फडक्यानं कोरडं करून चुन्याची भुकटी मारायचे. मी तेच केलं, फक्त चुन्याऐवजी लहान बाळाची पावडर घेतली. संध्याकाळी इंजिन डीग्रीझरनं धुतलं आणि रात्रभर वाळू दिलं. सकाळी सगळीकडून पावडर फुंकली आणि थंड इंजिन सुरू केलं. चार मिनिटं काही नाही. मग डाव्या बाजूला, पंख्याच्या पत्र्याच्या खाली, पांढऱ्या पावडरीत एक करडी रेघ उमटली. नखाएवढी रुंद, खालच्या टोकाला गोल. ती हळूहळू केसच्या कडेनं उतरली, घुमटीच्या सांध्याशी पोचली, सांध्यातून तळाला गेली आणि तिथे थेंब होऊन लोंबकळली. दोनदा सील बदलून घेतलं ते याच जागेसाठी.

रेघेचा उगम तेल थंड करणाऱ्या ऑइल कूलरशी होता. या वर्षांच्या इंजिनात कूलर जरा पुढे, वेगळ्या पत्र्याच्या खोक्यात असतो आणि मध्ये एक जोडतुकडा असतो. त्यामुळे दोनाऐवजी चार छोटी रबरी सीलं लागतात. त्यातली दोन लाकडासारखी कडक झाली होती. गंमत म्हणजे क्लचप्लेट दोन्ही वेळेला कोरडी होती. फ्लायव्हीलचं सील गळत असेल तर तेल घुमटीच्या आत फेकलं जातं, क्लच घसरतो, गाडी पुढे घेताना थरथरतो. आत कोरडं आणि बाहेर ओलं असेल, तर सील निर्दोष आहे. एवढं जरी कुणी पाहिलं असतं तरी इंजिन उतरवायच्या त्या दोन खेपा वाचल्या असत्या.

आणखी एक चाचणी फुकट आहे: वास. घुमटीतून गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या सीलचं तेलही येऊ शकतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, बोटावर घेऊन हुंगलं की शंका राहत नाही. सील खरंच गेलं असेल आणि नवं बसवूनही परत गळत असेल, तर क्रँकची मागेपुढे हालचाल डायलच्या मापकानं मोजा. ती ०.०७ ते ०.१३ मिमीमध्ये हवी. ०.१५ च्या पुढे गेली की कितीही चांगलं सील घातलं तरी त्याची कड टिकणार नाही, कारण फ्लायव्हील तिच्याखाली सरकत राहतं.

जाड तेलाचा सल्ला मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो वरवर पटतो. जाड तेल कमी झिरपेल, असं कुणालाही वाटेल. पण या इंजिनात तेल जिथून येतं त्यातल्या बहुतेक जागी दाबच नसतो. टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण), पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या, तळाची जाळीची प्लेट, क्रँकची टोकं इथे तेल फक्त उडतं आणि ओघळतं. रबर कडक झालेलं असेल तर इंजिन गरम झाल्यावर जाड तेलही त्याच फटीतून येतं. खरा दाब असतो तो ऑइल पंप, प्रेशर स्विच आणि कूलर यांच्याकडे, आणि जाड तेल नेमका तिथेच घात करतं.

पुलीच्या बाजूला, केसच्या खालून, रुंद खाचेचा एक स्क्रू आहे. त्याच्या वर स्प्रिंग आणि त्याच्याही वर एक प्लंजर, म्हणजे वर-खाली सरकणारा दट्ट्या. तेल थंड आणि घट्ट असताना प्लंजर खाली दबतो आणि तेलाला कूलर वगळून जायची वाट मिळते. तेल तापून पातळ झालं की तो वर सरकतो आणि तेल कूलरमधून जायला लागतं. हा प्लंजर वर अडकला तर गारठ्यातल्या सकाळी घट्ट तेलाचा सगळा दाब कूलरच्या सीलांवर येतो. खाली अडकला तर कूलरकडे तेल जातच नाही आणि इंजिन तापतं. माझ्या बसच्या आधीच्या मालकानं गळती थांबावी म्हणून जाड तेल घातलं होतं. स्क्रू सोडल्यावर प्लंजर स्वतःहून हातात पडायला हवा. माझा वर घट्ट बसला होता. त्यात आटे पाडायचा दहा मिमीचा टॅप हलकेच फिरवून ओढला, तेव्हा तो काळ्या चिकट थरासह बाहेर आला. त्याच्या अंगावर ओरखडे होते. नवा प्लंजर, चार नवी सीलं, आणि हवामानाला योग्य त्या जाडीचं तेल. घुमटीखालचा थेंब त्यानंतर दिसलेला नाही.

‘नट आवळा’ म्हणणाऱ्यांनी तळाची गोल प्लेट एकदा काढून पाहावी. सहा बारीक स्टड (केसमध्ये बसवलेले आट्यांचे दांडे), सहा टोपीचे नट, त्यांच्याखाली तांब्याचे वायसर, आणि जाळीच्या वर-खाली एकेक कागदी पॅकिंग. या नटांना सात न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे लहान पाना दोन बोटांनी ओढावा इतकंच. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. मनगटाचा जोर लावला की स्टडचे आटेच उपटून येतात. त्याआधी प्लेट भोकांपाशी वाकते आणि दोन भोकांच्या मधे फट पडते. म्हणजे जितकं आवळाल तितकं जास्त गळेल. प्लेट सपाट लोखंडावर ठेवून भोकांभोवतीचे उंचवटे हातोडीनं ठोकून बसवा, मग बघा.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात. टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंग कव्हरच्या बाजूला चिकटवा, हेडची (सिलिंडरवरच्या डोक्याची) बाजू कोरडी ठेवा, तारेची कडी नीट ताणात आहे ना बघा. एवढ्यावर ते कोरडं राहतं. दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापलं की त्याची आत आलेली कड तुटते आणि पुशरॉडच्या नळ्यांतून तळाच्या जाळीपर्यंत जाते. अडीच लिटर तेलाच्या इंजिनात जाळी तुंबणं फार महागात पडतं. पुशरॉडच्या नळ्यांवरही लोक बाहेरून सिलिकॉन फासतात. त्या नळ्यांची टोकं हार्मोनियमच्या भात्यासारखी असतात. बसवण्याआधी त्या ओढून १९० ते १९१ मिमी कराव्या लागतात, तरच हेड आवळल्यावर सीलवर दाब राहतो. जुन्या नळ्या न ओढता परत घातल्या असतील तर बाहेरून काहीही फासा, गळणारच. हेड उतरवायचं नसेल तर स्प्रिंगवाल्या, मिटणाऱ्या नळ्या मिळतात.

राहिला ट्रे. ट्रेमध्ये पडणारं तेल फक्त जमिनीवरचं असतं. गाडी पळताना उडणारं तेल सिलिंडरच्या, हवा लागून थंड होणाऱ्या पाकळ्यांवर बसतं, त्यावर धूळ चिकटते आणि हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखं होतं. काही तेल सायलेन्सरच्या नळ्यांवर आणि त्यांच्याभोवतीच्या हीट एक्स्चेंजरवर पडतं. हिवाळ्यात गाडीत येणारी गरम हवा तिथूनच येते, म्हणजे जळलेल्या तेलाचा धूर मागे झोपलेल्या मुलांच्या नाकात जातो. जी गाडी घर म्हणून वापरायची तिच्याबद्दल ‘गळणारच’ म्हणून हसणं मला जमत नाही.

१९६० आणि ७० च्या दशकांत अशाच बस युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल करत गोव्यातल्या हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत आल्या. अडीच लिटरच्या इंजिनाचं तेल वाटेत रस्त्यावर सांडत असताना कुणी इतका पल्ला निर्धास्त गाठत नाही.

ट्रेऐवजी रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा. त्यावर मागच्या दोन चाकांच्या आणि बंपरच्या जागा खडूनं आखा, म्हणजे रोज तो त्याच ठिकाणी बसेल. आठवडाभरात ठिपके कुठे साचतात ते दिसेल. मधोमध असतील तर तळाची प्लेट. दोन्ही कडांना असतील तर टॅपेट कव्हर किंवा नळ्या. पुढे, घुमटीखाली असतील तर आधी वास घ्या. मग इंजिन धुऊन, पावडर फुंकून, सगळ्यात उंचावरची ओली जागा शोधा. त्याआधी नवं सील विकत घेऊ नका.